ख्रिस वॉन्डोलाउस्की: कॉलेजच्या मैदानापासून १७१ गोलांपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॅलिफोर्नियाच्या सॅन होजे, सनीवेल, फ्रीमाँट या पट्ट्यात, म्हणजे बे एरियात, मराठी घरं खूप आहेत आणि त्यांतली निम्मी मुलं शनिवार-रविवार सॉकरच्या मैदानावर असतात. इथे वॉन्डोलाउस्कीबद्दल विचारणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक, ज्यांना त्याच्या गोलांबद्दल बोलायचं असतं. दुसरे आईवडील, ज्यांना विचारायचं असतं की कॉलेजातून व्यावसायिक खेळाडू खरंच होता येतं का. खालची उत्तरं दोघांसाठी आहेत. माझं त्याच्यावर प्रेम आहे, ते लपवणार नाही.

हा वॉन्डोलाउस्की नेमका कोण?

अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये, म्हणजे एमएलएसमध्ये, सर्वाधिक गोल करणारा फॉरवर्ड. साखळी सामन्यांतले त्याचे गोल १७१. जन्म २८ जानेवारी १९८३, कॅलिफोर्नियातल्या डॅनव्हिल गावचा. शाळा कॉनकॉर्डची दे ला साल. कॉलेज चिको स्टेट. २००५ ते २०२१ अशी सतरा वर्षं तो या लीगमध्ये खेळला, आणि सॅन होजे अर्थक्वेक्स व ह्यूस्टन डायनॅमो हे दोनच संघ त्याच्या वाट्याला आले. चाहते त्याला नुसतं ‘वॉन्डो’ म्हणतात, त्यामुळे मीही पुढे तेच म्हणेन.

चिको स्टेट हे मोठं सॉकर कॉलेज आहे का?

नाही, आणि सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

अमेरिकेत कॉलेजचे खेळ एनसीएए ही संस्था चालवते आणि कॉलेजांच्या तीन पायऱ्या आहेत. डिव्हिजन वनमध्ये स्टॅनफर्ड, यूसीएलए, व्हर्जिनिया अशी नावं. व्यावसायिक संघांचे निरीक्षक मुख्यतः तिथेच असतात. डिव्हिजन टू ही त्याखालची पायरी: प्रवास बसने, मैदानं छोटी, प्रेक्षक म्हणजे बहुतेक घरचे आणि हॉस्टेलचे. डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते. चिको स्टेट डिव्हिजन टूमधलं. सॅन होजेहून उत्तरेला तीनेक तासांच्या ड्राइव्हवर, शेतीच्या मुलखात वसलेलं कॉलेजचं गाव.

वॉन्डो तिथे २००१ ते २००४ खेळला. २००३ मध्ये चिकोचा संघ डिव्हिजन टूच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि फ्लोरिडाच्या लिन विद्यापीठाकडून २-१ असा हरला. या पायरीवर यापेक्षा जास्त उजेड कोणावर पडत नाही, आणि तेवढा पडूनही त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही.

कॉलेजच्या सॉकरबद्दल आणखी एक समजून घ्यायला हवं. मोसम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत साखळी संपते. आठवड्याला दोन-दोन सामने. घड्याळ उलटं चालतं आणि पंच ते थांबवू शकतात. बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो, जे व्यावसायिक सॉकरमध्ये चालत नाही. त्यामुळे खेळ धावपळीचा आणि धसमुसळा होतो. ताज्या दमाचे धावणारे सतत आत-बाहेर होत राहतात. नव्वद मिनिटं बचावपटूला वाचत बसणाऱ्या, शांत डोक्याच्या फॉरवर्डची किंमत या घाईत कळणं अवघड असतं.

ड्राफ्ट म्हणजे काय? तो कितवा निवडला गेला?

एमएलएसमध्ये दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंची निवड होते, तिला सुपरड्राफ्ट म्हणतात. सगळे संघ क्रमाने एकेक नाव घेतात. २००५ मध्ये सुपरड्राफ्टच्या चारही फेऱ्या झाल्या, त्यात वॉन्डोचं नाव कोणीच घेतलं नाही.

तेव्हा उरलेल्यांसाठी सप्लिमेंटल ड्राफ्ट व्हायचा. म्हणजे आधी सगळ्यांनी नाकारलेल्यांतून पुन्हा निवड. तिथे सॅन होजेने त्याला घेतलं, ४१ व्या क्रमांकावर, शेवटच्या फेरीत. मुख्य ड्राफ्टमधले खेळाडू धरले, तर त्याच्या आधी जवळजवळ नव्वद जणांची नावं पुकारली गेली होती. त्या वर्षी सुपरड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर रियल सॉल्ट लेकने सोळा वर्षांच्या निकोलस बेसान्योला घेतलं होतं. तो लीगमध्ये मोजकेच सामने खेळू शकला. यात त्या मुलाचा दोष नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोरावर क्रमांक चिकटवून त्याचं भविष्य सांगता येत नाही, एवढंच यातून दिसतं.

सुरुवातीला पगार किती होता?

वर्षाला वीस हजार डॉलरच्याही आत. तेव्हा ‘डेव्हलपमेंटल’ नावाचा करार असायचा. संघाच्या मुख्य यादीबाहेरच्या तरुण खेळाडूंसाठी. बे एरियात किंवा ह्यूस्टनमध्ये तेवढ्या पैशांत भाडं भरणंही कठीण, म्हणून असे खेळाडू एकत्र राहायचे आणि लहान मुलांना प्रशिक्षण देऊन वरखर्च काढायचे. आईवडिलांनी हा भाग जरूर वाचावा. ‘ड्राफ्टमध्ये निवड झाली’ एवढ्यावर मुलगा स्थिरावला असं समजू नये. एमएलएसमध्ये करार संघाशी नाही तर लीगशी होतो, आणि यादीच्या तळाचा खेळाडू कधीही सोडला जाऊ शकतो.

ह्यूस्टनमधली वर्षं वाया गेली असं म्हणतात, ते खरं का?

मला तसं अजिबात वाटत नाही.

आधी झालं काय ते सांगतो. २००५ चा मोसम संपल्यावर सॅन होजेचा संघच उचलून ह्यूस्टनला नेण्यात आला. स्वतःचं स्टेडियम नव्हतं, मालकांना ते बांधून मिळत नव्हतं. खेळाडू आणि प्रशिक्षक डॉमिनिक किनियर सगळे टेक्ससला गेले. वॉन्डोही गेला. डायनॅमोने २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षं लीगचा चषक जिंकला. आघाडीला ब्रायन चिंग होता, राष्ट्रीय संघाचा स्ट्रायकर. त्या संघात वॉन्डोला जागा मिळणार कुठून?

मग तो राखीव संघात खेळत राहिला. २००५ ते २००८ या काळात एमएलएसचा राखीव संघांचा वेगळा विभाग होता. रविवारी सकाळी, मुख्य सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, रिकाम्या स्टेडियममध्ये हे सामने व्हायचे. तिथे गोल केले तर वर्तमानपत्रात ओळही यायची नाही. पण तिथे समोर व्यावसायिक बचावपटू असायचे, दुखापतीतून उठलेले, वयाने मोठे, अनुभवी. चिकोत त्याला असे बचावपटू कधीच मिळाले नव्हते. त्याचं उरलेलं शिक्षण तिथेच झालं.

२००९ संपेपर्यंत, म्हणजे पाच मोसमांत, त्याचे लीगमधले एकूण गोल होते ७. वय झालं होतं २६. या वयात बहुतेक जण घरी जातात, प्रशिक्षक होतात, नोकरी धरतात. कोणी त्यांना नावं ठेवू नयेत, पोट सगळ्यांना आहे.

सॅन होजेला परत कसा आला?

अदलाबदलीत. २००८ मध्ये सॅन होजेला नवा अर्थक्वेक्स संघ मिळाला आणि जून २००९ मध्ये ह्यूस्टनने वॉन्डोला तिकडे दिलं. बदल्यात ह्यूस्टनला मिळाला कॅम वीव्हर नावाचा उंचापुरा फॉरवर्ड. त्या दिवशी ही बातमी कोणाच्या लक्षातही राहिली नसेल. लीगच्या इतिहासातल्या सर्वांत एकतर्फी सौद्यांत मी ही अदलाबदल धरतो.

२०१० मध्ये असं काय झालं की एकदम १८ गोल?

त्याला सलग सामने मिळाले. उत्तर इतकं साधं आहे.

प्रशिक्षक फ्रँक यॅलॉपने त्याला पुढे ठेवलं, गोल यायला लागले, मग बाहेर काढायचं कारणच उरलं नाही. मोसमाअखेर १८ गोल, लीगमध्ये सर्वाधिक, एडसन बडलपेक्षा एक जास्त. गोल्डन बूट त्याचा. शिवाय बाद फेरीत न्यूयॉर्क रेड बुल्सला त्यांच्याच घरी ३-१ असं हरवलं, त्यात विजयाचा निर्णायक हेडर वॉन्डोचा. त्या रेड बुल्सच्या संघात फ्रान्सचा जगप्रसिद्ध फॉरवर्ड थिएरी ऑन्री होता, हे लक्षात घ्या.

त्यानंतर २०१९ पर्यंत सलग दहा मोसम त्याने दरवेळी दहा किंवा अधिक गोल केले. १८, १६, २७, ११, १४, १६, १२, १३, १०, १५. हे आकडे मुद्दाम लिहिले. यात एकही मोसम रिकामा नाही. प्रशिक्षक बदलले, सहकारी बदलले, संघ काही वर्षं तळाला गेला, पण गोल येत राहिले.

तो वेगवान नव्हता, ड्रिबलिंग नव्हतं, मग गोल करायचा कसा?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. यावर थोडा वेळ घेतो.

उंची सहा फूट, पण बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, दांडगाई करणारा नव्हे. चेंडू घेऊन तीन जणांना चकवणं त्याचं काम नव्हतं. शाळेत तो ट्रॅकवर धावायचा, त्यामुळे दम भरपूर होता, आणि हा दमच त्याचं भांडवल होतं. एका सामन्यात तो बॉक्समध्ये कितीतरी वेळा धावत जायचा आणि चेंडू यायचाच नाही. पुढच्या वेळी पुन्हा तीच धाव, तेवढ्याच जोरात.

सामना पाहताना चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे बघितलं, तर युक्ती दिसायची. समजा उजव्या बाजूने क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, येणार आहे. बचावपटू चेंडूकडे पाहतोय. वॉन्डो त्याच्या पाठीमागे, डोळ्याआड उभा. आधी दोन पावलं लांबच्या पोस्टकडे जायचा, सावकाश, जणू त्याला घाई नाही. बचावपटूने खांद्यावरून मागे बघितलं, खात्री केली, पुन्हा चेंडूकडे मान वळवली. नेमक्या त्या क्षणी वॉन्डो त्याच्या पुढून जवळच्या पोस्टकडे सुटायचा. क्रॉस येईपर्यंत तो बचावपटूच्या एक पाऊल पुढे असायचा, आणि मग एकच स्पर्श. पायाच्या आतल्या बाजूने, मांडीने, कधी नडगीने. चेंडू अडवायचा नाही, सावरायचा नाही, आला तसा जाळ्यात वळवायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे गोलरक्षकाच्या हातून सुटलेला चेंडू. सहकाऱ्याने लांबून फटका मारला की बाकीचे थांबून बघतात. वॉन्डो फटका बसायच्या आतच गोलरक्षकाकडे पळायला लागलेला असायचा. दहातून आठ वेळा गोलरक्षक चेंडू पकडतो, आणि ती धाव फुकट जाते. उरलेल्या दोन वेळा लोक म्हणायचे, नशीबवान आहे, नेहमी बरोबर जागी सापडतो.

नशीब हा शब्द मला इथे खटकतो. चातक पावसाची वाट बघतो तशी त्याने चेंडूची वाट बघितली नाही. चेंडू कुठे पडणार याचा अंदाज बांधून तो आधीच तिकडे निघालेला असायचा, आणि अंदाज चुकला तर तक्रार न करता परत फिरायचा. कॉलेजच्या निरीक्षकाला एका दुपारी हे दिसणार नाही. तिथे वेग दिसतो, ताकद दिसते, चकवा दिसतो. ही हुशारी दिसायला सलग वीस-पंचवीस सामने बघावे लागतात. पाच वर्षं त्याला तेवढे सामने कोणी दिलेच नाहीत.

२०१२ च्या मोसमाबद्दल एवढं बोललं जातं, का?

कारण त्या वर्षी अर्थक्वेक्स म्हणजे वेड लावणारा संघ होता. घरचं मैदान बक शॉ, सँटा क्लारा विद्यापीठाच्या आवारातलं, जेमतेम साडेदहा हजार प्रेक्षकांचं. बाकीच्या संघांची आलिशान स्टेडियम बघता ते कॉलेजचंच मैदान वाटावं. पण शेवटच्या पाच मिनिटांत तिथून कोणी उठत नसे, कारण हा संघ शेवटच्या मिनिटांत गोल करायचा. वॉन्डोच्या जोडीला स्टीव्हन लेनहार्ट आणि ॲलन गॉर्डन, दोघेही धिप्पाड. ते बचावपटूंना अंगावर घ्यायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत वॉन्डो. जूनच्या शेवटी स्टॅनफर्ड स्टेडियमवर, पन्नास हजारांवर गर्दीसमोर, लॉस एंजेलिस गॅलेक्सीविरुद्ध ३-१ असे मागे पडून ४-३ असे जिंकले. ती रात्र बे एरियातल्या सॉकरप्रेमींना आजही तोंडपाठ आहे.

वॉन्डोने त्या मोसमात २७ गोल केले. १९९६ मध्ये, लीगच्या पहिल्याच वर्षी, रॉय लॅसिटरने टॅम्पा बेसाठी केलेल्या २७ गोलांच्या विक्रमाशी बरोबरी. शेवटच्या साखळी सामन्यात, पोर्टलंडमध्ये, ती झाली. तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघाने ६६ गुणांसह सपोर्टर्स शील्ड जिंकली, म्हणजे साखळीत पहिला क्रमांक.

बाद फेरीत मात्र गॅलेक्सीनेच बाहेर काढलं. सॅन होजेत वॉन्डोला लीगचा चषक कधीच मिळाला नाही. त्याच्याकडचे दोन चषक ह्यूस्टनचे, जेव्हा तो बहुतांश बाकावर बसलेला होता. मला याची चुटपुट आजही लागते.

जर्सीवर नाव चुकीचं छापलं होतं, ही गोष्ट खरी का?

खरी. २०१३ च्या गोल्ड कपमध्ये, म्हणजे उत्तर आणि मध्य अमेरिका व कॅरिबियन देशांच्या स्पर्धेत, बेलीझविरुद्ध त्याच्या पाठीवरच्या नावात एक जास्तीचं अक्षर घुसलं होतं. त्या जर्सीत त्याने पहिल्या अर्ध्यातच हॅटट्रिक, म्हणजे तीन गोल, केली. त्या स्पर्धेत त्याचे एकूण ५ गोल झाले, सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचं नाव होतं आणि अमेरिकेने गोल्ड कप जिंकला.

राष्ट्रीय संघात एवढ्या उशिरा का?

पदार्पण २२ जानेवारी २०११ रोजी, चिलीविरुद्ध, अठ्ठाविसाव्या वाढदिवसाच्या सहा दिवस आधी. पहिला गोल यायला जुलै २०१३ उजाडला. एकूण ३५ सामने, ११ गोल. आंतरराष्ट्रीय सामन्यांत बदली म्हणून शेवटची वीस मिनिटं मिळायची, आणि त्याची पद्धत बचावपटूला तासभर वाचून मग फसवायची. वीस मिनिटांत ते जमणं अवघड.

बेल्जियमविरुद्धची ती चूक. त्याबद्दल काय सांगाल?

१ जुलै २०१४, ब्राझीलमधलं साल्व्हादोर, विश्वचषकाची उपउपांत्यपूर्व फेरी. आधीची पार्श्वभूमी अशी की प्रशिक्षक युर्गेन क्लिन्समनने लँडन डोनोव्हनला संघातून वगळलं होतं. डोनोव्हन म्हणजे अमेरिकन सॉकरचा सर्वांत मोठा चेहरा. वॉन्डो संघात आला, तेव्हा ‘डोनोव्हन नाही आणि हा आहे’ असं लोक बोलत होतेच.

त्या दिवशी गोलरक्षक टिम हावर्डने अडवलेल्या चेंडूंचा हिशोब जगभर झाला. बेल्जियम सतत चढून येत होतं. वॉन्डो ७२ व्या मिनिटाला मैदानात आला. नव्वद मिनिटं संपली, ०-०, वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईची मिनिटं सुरू. एक लांब चेंडू बॉक्समध्ये आला, जर्मेन जोन्सने तो डोक्याने पुढे ढकलला, आणि चेंडू टप्पा खाऊन वॉन्डोच्या समोर पडला. गोलपासून सहा-सात यार्डांवर. समोर बेल्जियमचा गोलरक्षक थिबो कोर्तुआ. वॉन्डोने उजवा पाय घातला आणि चेंडू बारवरून गेला.

मग अर्ध्या तासाच्या जादा वेळेत बेल्जियमच्या डी ब्रुय्ने आणि लुकाकू यांनी गोल केले, अमेरिकेच्या ज्युलियन ग्रीनने एक परत फेडला, २-१ असा निकाल, अमेरिका बाहेर. सहायक पंचाचा झेंडा ऑफसाइडसाठी वर होता का, यावर वाद झाला. झेंडा वर होता असं मानलं तर गोल झाला तरी तो बाद ठरला असता. पण वॉन्डोने स्वतः झेंड्याचा आधार घेतला नाही. जाहीर माफी मागितली आणि सॅन होजेला परतून खेळायला लागला.

त्यावरून त्याची बरीच हेटाळणी झाली. अनेक अमेरिकन लोकांनी त्याचा तो एकच फटका पाहिला, कारण ते चार वर्षांतून एकदाच सॉकर बघतात. मला एवढंच म्हणायचं आहे: त्या जागी चेंडू पडेल हे ओळखून तिथे पोहोचलेला अमेरिकेचा एकच फॉरवर्ड होता. नव्वद मिनिटं बचाव करून दमलेल्या संघातून त्या मिनिटाला तिथे दुसरं कोणी नव्हतं. चूक मोठी होती, ती झाली. ती चूक करायलाही आधी तिथवर जावं लागतं. पुढच्या पाच मोसमांत त्याने दरवेळी दहा किंवा अधिक गोल केले, आणि यातला कुठलाही गोल त्या संध्याकाळची भरपाई म्हणून मोजू नये, असं मला वाटतं.

गोलांचा विक्रम कधी मोडला?

१८ मे २०१९. सॅन होजेत, शिकागो फायरविरुद्ध. डोनोव्हनचा विक्रम १४५ गोलांचा. वॉन्डो १४४ वर. वय ३६.

मोसमाची सुरुवात वाईट झाली होती. नवे प्रशिक्षक मातियास अल्मेडा, खेळण्याची नवी पद्धत, आणि वॉन्डोला गोलच सापडेना. तो बाकावर गेला. त्या शनिवारी पुन्हा सुरुवातीपासून खेळायला मिळालं, तोवर त्याच्या नावावर मोसमात एकही गोल नव्हता. आणि त्याने एका सामन्यात चार गोल केले. पहिल्याने बरोबरी, दुसऱ्याने विक्रम, आणि मग आणखी दोन. निकाल ४-१, आकडा १४८. चारही गोल जवळून, त्याच्या जुन्याच सवयीचे.

पुढे शेवटचा, १७१ वा गोल त्याने ७ नोव्हेंबर २०२१ रोजी एफसी डॅलसविरुद्ध केला, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात. सामना १-१ असा सुटला आणि त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली.

युरोपात का गेला नाही?

सत्ताविशीत नाव झालेल्या अमेरिकन फॉरवर्डसाठी युरोपचे चांगले संघ दार उघडत नाहीत. आणि तो बे एरियाचाच होता, घर इथेच होतं. याहून जास्त खोलात जायची गरज नाही.

तो मूळ अमेरिकन आदिवासी समाजातला आहे का?

हो, आईकडून. आई ओक्लाहोमातल्या किओवा जमातीची, आणि वॉन्डो स्वतः त्या जमातीचा सदस्य आहे. आडनाव पोलिश, वडिलांकडून आलेलं. विश्वचषकात खेळलेले मूळ अमेरिकन वंशाचे खेळाडू अगदीच थोडे, त्यामुळे किओवा लोकांना त्याचा फार अभिमान आहे.

आजच्या काळात असा खेळाडू सापडेल का?

अवघड झालंय आणि सोपंही झालंय.

अवघड अशासाठी की २००८ पासून ‘होमग्रोन’ नियम आला. संघ स्वतःच्या अकादमीतल्या मुलांना ड्राफ्टशिवाय थेट करार देऊ शकतात. बारा-तेरा वर्षांची मुलं अकादमीत जातात, सोळाव्या-सतराव्या वर्षी करार होतात. सुपरड्राफ्टचं महत्त्व घटत गेलं. त्या वयात अकादमीबाहेर राहिलेल्या मुलाकडे पुढे कोणी बघेल याची खात्री नाही.

सोपं अशासाठी की २०२२ पासून एमएलएस नेक्स्ट प्रो ही खालची लीग आहे आणि यूएसएल या दुसऱ्या व्यावसायिक लीगचे संघ देशभर पसरलेत. राखीव खेळाडूला आता खरे सामने मिळतात, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर. वॉन्डोला पाच वर्षं रविवारच्या रिकाम्या मैदानांवर काढावी लागली, ती कदाचित दोन झाली असती.

आमचा मुलगा इथे हायस्कूलमध्ये आहे. डिव्हिजन वनकडून विचारणा नाही. आशा सोडावी का?

सोडू नका, पण हिशोब नीट करा. वॉन्डो खेळत होता तेव्हा डिव्हिजन टूच्या पुरुष संघाला नऊ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम वाटायची मुभा असे, आणि ती वीस-पंचवीस मुलांत विभागली जायची. त्यामुळे पूर्ण फी माफ झालेला खेळाडू क्वचितच दिसायचा. आजही शिष्यवृत्तीच्या भरवशावर कॉलेज निवडू नये. जिथे पहिल्या वर्षापासून खेळायला मिळेल आणि पदवी कामाची असेल, तिथे जावं. मोठ्या नावाच्या कॉलेजात तीन वर्षं बाकावर बसलेल्या फॉरवर्डला गोल करायची सवय लागत नाही. उन्हाळ्यात हौशी लीगचे संघ असतात, तिथे खेळावं. वॉन्डोही २००४ मध्ये चिको रूक्सकडून खेळला होता.

आणि मुलींच्या पालकांसाठी: मुलींच्या सॉकरमध्ये कॉलेजचा रस्ता अजूनही राजमार्गच आहे. ॲलेक्स मॉर्गन बर्कलीची, सोफिया स्मिथ (आता विल्सन) स्टॅनफर्डची. २०२४ मध्ये एनडब्ल्यूएसएलने, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या मुख्य लीगने, ड्राफ्टच बंद केला, आता खेळाडू स्वतः संघ निवडून करार करू शकतात.

भारतातून कोणी फॉरवर्ड या लीगपर्यंत पोहोचला आहे का?

सुनील छेत्री. २०१० मध्ये कॅन्सस सिटी विझार्ड्सने त्याला करारबद्ध केलं. वॉन्डो ज्या वर्षी चमकला, तेच वर्ष. छेत्रीला लीगचा सामना मिळाला नाही, यूएस ओपन कपच्या पात्रता सामन्यात मैदानात उतरता आलं, आणि पुढच्या वर्षी तो भारतात परतला. त्याचे पुढचे आंतरराष्ट्रीय गोल आपल्याला माहीतच आहेत.

मात्र आपल्याकडे कॉलेज हा व्यावसायिक फुटबॉलचा रस्ता नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पाहा. तोही फॉरवर्ड. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून अकादमीत, तिथून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या भारतीय संघात, आणि मग आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये. पदवीच्या वयापर्यंत त्याची वाट ठरून गेली होती. कोल्हापुरात पेठापेठांचे संघ आहेत, शाहू स्टेडियम भरतं, उशिरा पिकणारी मुलंही असणारच. वीस-एकवीस वर्षांच्या अशा मुलाला वर नेणारा जिना आपल्याकडे अजून बांधला गेलेला नाही, आणि तो बांधावा असं मला मनापासून वाटतं.

१७१ चा विक्रम कोण मोडेल?

लवकर कोणी मोडेल असं दिसत नाही. गोल करणारा तरुण फॉरवर्ड दोन-तीन मोसमांत युरोपात विकला जातो, आणि बाहेरून आलेला मोठा खेळाडू तिशी उलटल्यावर येतो. एका मोसमाचा विक्रम मात्र केव्हाच मागे पडला: २०१८ मध्ये अटलांटाच्या होसेफ मार्तिनेझने ३१, २०१९ मध्ये लॉस एंजेलिस एफसीच्या कार्लोस व्हेलाने ३४ गोल केले.

सर्वकालीन यादीत वॉन्डोच्या खालोखाल केई कमारा आहे. सिएरा लिओनमध्ये जन्मलेला, निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेला. डोनोव्हनला मागे टाकून तो २०२४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याचं कॉलेज कॅल स्टेट डोमिंगेझ हिल्स. तेही डिव्हिजन टू, आणि चिको ज्या कॅलिफोर्नियाच्या कॉलेज लीगमध्ये खेळतं, त्याच लीगमधलं. २००८ च्या मध्यापासून वर्षभर दोघेही ह्यूस्टनच्या संघात एकत्र होते, आणि ब्रायन चिंगच्या मागे आपली पाळी कधी येते याची वाट बघत होते.